मधल्या १९० किमीमध्ये एकही फास्ट चार्जर नाही, प्लॅन कसा करायचा?

लांबचा_पल्ला
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात इलेक्ट्रिक गाडीने पहिल्यांदाच मोठा प्रवास करायचाय, एका बाजूने ६४० किमी. बॅटरी ४५ युनिटची (युनिट म्हणजे किलोवॅट-तास, वीजबिलातलंच). कंपनीने दिलेला रेंजचा आकडा सोडून द्या, मला स्वतःला ९० च्या स्पीडने, एसी लावून, दोघं जण असताना २८० किमी मिळतात. सुरुवातीचे २५० आणि शेवटचे २०० किमी ठीक आहेत, दर ४०-५० किमीला काही ना काही आहेच. अडचण मधेच आहे, १९० किमीच्या पट्ट्यात बरोबर ९५ वर एकच फास्ट चार्जर ॲपमध्ये दिसतो आणि त्यावर कुणी शेवटचं काही लिहिलंय त्याला चार महिने झालेत, म्हणजे मी तो नाहीच असं धरतोय. त्याच पट्ट्यात ९०० मीटरची चढण आहे आणि या वेळी चौघं असू, डिकी फुल्ल. २८० मधून १९० गेले तरी ९० उरतात, मग निवांत जावं की हिशोब चुकतोय? सोबत आईबाबा आहेत, त्यांना रस्त्यात ताटकळत ठेवायचं नाहीये.

युनिटवाला
हिशोब चुकतोय, पण जाता येईल. आधी किमीमध्ये विचार करणं सोडा आणि युनिटमध्ये करा, कारण किमी हा आकडा रस्त्याप्रमाणे बदलतो, बॅटरीतले युनिट बदलत नाहीत. २८० किमीला ४५ युनिट म्हणजे १०० किमीला १६. मग १९० किमीला झाले साधारण साडेतीस. आता चढण. माणसं सामान धरून गाडी १९०० किलोची असेल तर ती ९०० मीटर वर न्यायलाच जवळपास पावणेपाच युनिट लागतात, मोटरमधला थोडा लॉस धरून ५ म्हणा. एकूण साडेपस्तीस.

आता बघा, १०० टक्क्यांनी निघालात तर पलीकडे साडेनऊ युनिट हातात राहतात, म्हणजे २१ टक्के, छान आहे. पण "फास्ट चार्जरवर ८० लाच थांबावं" हे सगळीकडे वाचलेलं असेल आणि तसं ८० वर निघालात तर हातात ३६ युनिट, म्हणजे पोचताना जवळजवळ शून्य. समोरून वारा आला किंवा पाऊस लागला की संपलं. तो ८० चा नियम चार्जर जवळजवळ असतात तिथल्यासाठी आहे, तुमच्या पट्ट्याला लागू होत नाही. उतारावर रीजेनने (म्हणजे वेग कमी होताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत टाकते त्याने) थोडं परत येतं, पण वर चढवायला घातलेलं सगळं परत येत नाही म्हणून मी ते धरलेलंच नाही.

आणि स्पीड. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ९० ऐवजी ७५ ने गेलात तर हवेशी झगडण्यात जाणारा भाग तीसेक टक्क्यांनी कमी होतो. पण हे पट्ट्याच्या पहिल्या किमीपासून करायचं, १२ टक्के उरल्यावर हळू चालवून फार काही वाचत नाही कारण वाचवायला शिल्लकच थोडं असतं.

गन_चेक
वरचा हिशोब पटला, मी चार्जरबद्दल लिहितो कारण माझी फजिती बॅटरीमुळे नाही तर चार्जरमुळे झाली होती. ॲपमध्ये हिरवा दिसत होता, रात्री साडेअकराला पोचलो तर चार्जर गेटच्या आत आणि गेटला कुलूप. मशीन व्यवस्थित चालू होतं, मला ते बाहेरून दिसतही होतं. ९ टक्के होते, लहान मुलगी मागे झोपलेली, सकाळी सहापर्यंत तिथेच. त्या रात्रीपासून मी स्टार रेटिंग बघतच नाही, शेवटचं यशस्वी चार्जिंग कुठल्या तारखेला झालं तेवढंच बघतो आणि निघायच्या आदल्या दिवशी तिथे फोन करून सरळ विचारतो की आज कुणी गाडी लावली का, आणि रात्री गेट उघडं असतं का.

अजून एक, मशीन किती आणि गन (गाडीला लावायचा चार्जिंगचा प्लग) किती यात फरक आहे. ६० किलोवॅटच्या एकाच मशीनला दोन गन असल्या की बऱ्याच ठिकाणी दुसरी गाडी लागली की ३०-३० होतं, आणि ते मशीन बंद पडलं तर दोन्ही गन गेल्या. पट्ट्याच्या अगदी आधीचा थांबा निवडताना वेगळी वेगळी दोन मशीन असतील तिथेच थांबा, मग १० किमी आधी असलं तरी चालेल. प्रत्येक कंपनीचं ॲप घरूनच टाका, वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवा, तिथे नेटवर्क नसेल तर ओटीपी येणार नाही.

सावकाश
१०० टक्के करायचं हे बरोबर पण ते फास्ट चार्जरवर करू नका असं माझं मत. ८० च्या पुढे बॅटरी स्वतःच करंट कमी करत जाते, शेवटच्या २० ला कधीकधी आधीच्या ६० इतका वेळ जातो, आणि मागे कुणी थांबलेला असेल तर त्याचाही खोळंबा. पट्ट्याच्या अलीकडच्या गावात मुक्काम करा. ३० टक्क्यांवर पोचलात तर भरायचे साडेएकतीस युनिट, एसी चार्जिंगमधला (म्हणजे घरच्यासारख्या साध्या विजेवरच्या सावकाश चार्जिंगमधला) लॉस धरून ३५ च्या आसपास, ७ किलोवॅटच्या एसी चार्जरवर पाच तास, साध्या ३ किलोवॅटच्या सॉकेटवर बारा. म्हणजे रूम बुक करतानाच सॉकेट पार्किंगपाशी आहे का आणि अर्थिंग नीट आहे का ते विचारायचं, कारण अर्थिंग नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. आईबाबांनाही एका दिवसात ६४० किमी बसवण्यापेक्षा हे बरं.

लांबचा_पल्ला
सगळ्यांचे मनापासून आभार, ८० वर निघायचंच डोक्यात होतं माझ्या. मुक्काम करतोय, एसी चार्जर असलेली जागा बघतो. एकच शंका, मधे ९५ वर पोचल्यावर खर्च जास्त झालाय असं दिसलं तर पुढे जायचं की मागे फिरायचं, हे कशावरून ठरवू?

युनिटवाला
चढण कुठल्या अर्ध्यात आहे ते नकाशात आधी बघून ठेवा. पहिल्या अर्ध्यात असेल तर मध्यावर साधारण ५५ टक्के दिसायला हवेत, दुसऱ्या अर्ध्यात असेल तर ६६. त्यापेक्षा ५-६ ने कमी असेल तर स्पीड ७० वर आणा आणि पुढे चला. १५ ने कमी असेल तर आधी तो मधला चार्जर बघा, चालू निघाला तर पंधरा-वीस मिनिटं लावून घ्या. बंद असेल आणि चढण अजून पुढेच असेल तर मागे फिरा, मागचा रस्ता तुम्ही नुकताच बघितलाय आणि तिकडचा चार्जर चालू आहे हे माहितीये. हे आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा, आणि शेजारी बसणाऱ्याला दर २० किमीला टक्के लिहायला सांगा.

गन_चेक
आणि मधल्या चार्जरवर थांबलात तर चालू असो वा बंद, ॲपमध्ये तारखेसकट नक्की लिहा. चार महिने तिथे कुणी काही लिहिलं नाही म्हणूनच तुम्हाला तो नाहीच असं धरावं लागतंय.