मैदानात बसून हॉकी-फुटबॉल: कुठं बसावं, काय पाहावं, आणि आठवण टिकावी म्हणून काय लिहून ठेवावं?

पूर्णाकाठ (परभणी):
आमच्या शाळेच्या संघातली नववी-दहावीची लेकरं हिवाळ्यात नांदेडला गुरु गोबिंदसिंघजी गोल्ड-सिल्व्हर कप हॉकी पाहायला न्यायचं ठरतंय. जमलं तर पुढं मुंबईत अंधेरीला एक फुटबॉल सामनाही. आजवर सगळ्यांनी दोन्ही खेळ टीव्हीवरच पाहिलेत. मैदानात रिप्ले नाही, समालोचक नाही, तिथं नेमकं बघायचं काय आणि बसायचं कुठं? दुसरं, सामना झाल्यावर आठवड्यात सगळं पुसट होऊन फक्त स्कोअर उरतो, तसं होऊ नये म्हणून काय करावं? आणि तिसरं असं की गावात एक काका आहेत, १९८२ ची हॉकी प्रत्यक्ष पाहिलेले. त्यांच्या आठवणी लेकरांकडून लिहून घ्यायच्या आहेत. कशा घ्याव्यात?

डी_च्या_काठावर:
सर, हॉकीचं सांगतो. मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद, चेंडू साधारण १६० ग्रॅमचा. खालच्या पायरीवर बसलं तर समोरच्या बाजूचा खेळ पायांच्या गर्दीत हरवतो. सात-आठ पायऱ्या वर जा आणि मध्यरेषेवर न बसता २३ मीटरच्या रेषेच्या समोर बसा. एक डी (गोलसमोरचं अर्धवर्तुळ) नीट दिसतो, आणि संघ बाजू बदलतात त्यामुळे मध्यंतरानंतर दुसऱ्या संघाचा हल्लाही त्याच डीमध्ये पाहायला मिळतो. दुपारचा सामना असेल तर पश्चिमेकडे पाठ येईल अशी बाजू धरा, नाहीतर शेवटचा पाऊण तास डोळ्यांवर हात धरून बसावं लागतं.

गोलच्या मागं मात्र लेकरांना बसवू नका, जाळी उंच नसेल तर अजिबातच नाही. ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकवर ओढत नेऊन गोलवर उडवलेला चेंडू, ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो आणि गोलखांबावरून उडालेला चेंडू कुठं जाईल याचा भरवसा नसतो.

काय पाहावं याला माझं एकच उत्तर, पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बहुतेकदा डीमधल्या चुकीबद्दल हल्ला करणाऱ्या संघाला मिळणारी गोलची संधी. टीव्हीवर तो तुकड्यातुकड्यांत दिसतो, मैदानात अख्खा दिसतो. अंपायरनं दोन्ही हात आडवे करून गोलकडे दाखवले की पेनल्टी कॉर्नर. मोठ्या स्पर्धांत तयारीला ४० सेकंद मिळतात. त्या ४० सेकंदांत चेंडू विसरून माणसं मोजा. गोलरेषेमागं गोलकीपर धरून जास्तीत जास्त पाच बचावपटू, त्यांचे बाकीचे सगळे मध्यरेषेपलीकडे. चेंडू जवळच्या खांबापासून किमान १० मीटरवरून आत ढकलला जातो. डीच्या वरच्या काठावर, गोलसमोर, एक अडवणारा, एक फ्लिक करणारा, आणि बहुतेकदा शेजारी दुसरी जोडी, ती कधी खरी असते, कधी दिशाभूल करायला. चेंडू डीबाहेर गेल्याशिवाय गोलवर मारता येत नाही. पहिला फटका ‘हिट’ असेल तर तो गोलच्या तळाशी असलेल्या ४६० मिलिमीटरच्या फळीच्या उंचीखालीच जायला हवा, फ्लिक वर गेली तर चालते.

आता नजर बचावातल्या पहिल्या धावणाऱ्यावर ठेवा. तो सरळ फ्लिकरच्या अंगावर जातो की त्याच्या स्टिकच्या बाजूनं, त्यावरून गोलकीपरनं कोणता कोपरा स्वतःकडे घेतलाय ते कळतं. कॉर्नर फसतो तो बहुतेक वेळा फ्लिकमुळं नाही, त्याआधी. ढकललेला चेंडू उसळला, अडवणाऱ्यापासून हातभर बाजूला गेला, तेवढ्यात धावणारा पोचतो आणि फ्लिकरला कोन उरत नाही. लेकरांना हे एकदा दाखवून दिलं की पुढचे कॉर्नर ती स्वतःच वाचतात.

मैदान टर्फचं (कृत्रिम गवताचं) नसेल तर हिशोब बदलतो. माती-गवतावर चेंडू उड्या घेतो, अडवणं अवघड होतं, स्टिकवर चेंडू ओढत न्यायला घसरण मिळत नाही, म्हणून ड्रॅग फ्लिकपेक्षा हिट जास्त दिसतात. बचावपटू स्टिक आडवी जमिनीला टेकवून अडवतात ते यासाठीच. ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम मैदान १९७६ ला माँट्रियलपासून आलं, त्याआधीचा खेळ कसा असेल याचा अंदाज अशाच मैदानावर येतो. मी तर म्हणेन, लेकरांनी दोन्ही पाहावं. संभाजीनगरला साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्रात टर्फ आहे, तिथल्या सामन्यांची चौकशी करून ठेवा. टर्फवर सामन्याआधी पाणी मारतात ते बघण्यासाठी तरी लवकर पोचावं. पाण्यानं चेंडू सपाट आणि वेगानं जातो, पाणी उडालं की तोच पास अडखळायला लागतो.

मिडफिल्डचा_लातूरकर:
वरच्या उत्तरात भर. हॉकीत ऑफसाइड (पास सुटताना बचावफळीच्या मागं, गोलजवळ उभ्या खेळाडूला अडवणारा नियम) नाही, १९९० च्या दशकातच गेला. टीव्हीवर फुटबॉल पाहणाऱ्या पोरांचा इथं गोंधळ होतो, गोलच्या तोंडाशी उभा असलेला फॉरवर्ड पाहून ती ओरडतात. आणि खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करतात, खेळ न थांबता. हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान पाच. एखादा संघ अचानक मागं सरकलेला दिसला तर आधी बाहेरच्या खुर्चीवर कोण बसलंय ते पाहा.

फुटबॉलचं: कुठं बसावं हे मैदानावर अवलंबून. अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरिना लहान आहे, प्रेक्षक खेळाच्या जवळ, तिथं मधल्या उंचीवरची कुठलीही जागा चालते. पुण्याचं बालेवाडी आणि हैदराबादचं गचीबावली इथं मैदानाभोवती धावपट्टी आहे. तिथं खालच्या रांगा पैसे देऊनही घेऊ नयेत, खेळ दूर जातो आणि सपाट दिसतो. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील मुळात क्रिकेटचं, गोलमागच्या जागा फार लांब पडतात.

जागा पेनल्टी बॉक्सच्या रेषेच्या समोर आणि उंचावर घ्या. ऑफसाइडची रेषा तिथून कळते. कॅमेरा चेंडूमागं फिरतो, म्हणून टीव्हीवर कधीच न दिसणारी गोष्ट म्हणजे बचावफळी. चेंडू मागं पास झाला की चौघं मिळून चार-पाच पावलं वर सरकतात का? एक जण मागं राहिला तर ऑफसाइडचा सापळा तिथंच तुटतो. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट चेंडूकडे बघायचंच नाही, असा नियम लेकरांना घालून द्या. त्या अर्ध्या मिनिटात फक्त एक विंगबॅक (कडेनं वर-खाली धावणारा बचावपटू) किंवा फक्त गोलकीपर. आपला संघ हल्ला करत असताना गोलकीपर बॉक्सबाहेर किती पुढं येऊन उभा असतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्काच बसतो.

झेंडेवाल्या पंचाचं पण शिकवा. ऑफसाइडला झेंडा आधी सरळ वर, मग तिरपा वर असेल तर पलीकडचा खेळाडू, आडवा असेल तर मधला, खाली असेल तर अलीकडचा. रिप्ले नसताना कोणाला धरलं ते एवढ्यावरच समजतं.

सामन्याच्या पाऊण तास आधी जागेवर असा. सहसा गोलकीपर सरावाला आधी येतात. संघ नंतर कसा उभा राहणार याचा अंदाजही सरावातच येतो.

अंधेरीच्या साडेसातच्या सामन्याचं गणित आधी मांडा. ९० मिनिटं, मध्यंतर १५, वरून वाढीव वेळ, म्हणजे सुटायला सव्वानऊ-साडेनऊ. त्या रात्रीची देवगिरी एक्सप्रेस सोडून द्या. शाळेची मुलं बरोबर असताना शेवटची वीस मिनिटं टाकून पळापळ करू नये. मुक्काम करून सकाळची तपोवन एक्सप्रेस धरा. सुटायच्या वेळा त्या महिन्यात तपासून घ्या.

पूर्णाकाठ:
फार उपयोगी. तिकीट मोबाइलवर असतं म्हणतात, वीस जणांचं कसं सांभाळायचं? आणि लिहून ठेवण्याचं कुणी सांगेल का?

कात्रणवाली_ताई (नांदेड):
सर, तिकिटाचं आधी. बऱ्याच मोठ्या स्टेडियममध्ये पॉवर बँक, पाण्याची बाटली, नाणी, लायटर आत नेऊ देत नाहीत, आणि फाटकाजवळ गर्दीत नेटवर्क बसतं. म्हणून सगळी तिकिटं एकाच फोनवर ठेवू नका. दोन मोठ्या माणसांच्या फोनवर वाटून घ्या, बाहेर असतानाच उघडून ठेवा, बॅटरी भरलेली हवी. तिकिटाचा कोड ठरावीक वेळानं बदलणारा असेल तर स्क्रीनशॉट चालत नाही, ते विकत घेतानाच अटींमध्ये पाहा. पॉवर बँक ठेवायला बाहेर जागा असेलच असं नाही, ती मुक्कामावरच राहू द्या.

आता नोंद. प्रत्येक लेकराला खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. पेन नको, हिवाळ्यात संध्याकाळी कागद दमट होतो आणि शाई पसरते. एका पानावर दहा बाय सहा सेंटिमीटरचं मैदान घरूनच आखून न्यायचं. पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही संघांचे जर्सी क्रमांक जागेवर भरायचे, नावं नंतर. त्यानंतर सामना चालू असताना फार लिहायचं नाही. गोल, कार्ड, पेनल्टी कॉर्नर, बदल, एवढ्याच खुणा. मान खाली घालून लिहिणाऱ्याचा गोल हुकतो.

हॉकीत वेळ लिहिताना एक चूक हमखास होते. १५ मिनिटांचे चार भाग असतात आणि मोठ्या स्पर्धांत फलकावरचं घड्याळ उलटं चालतं. अधिकृत नोंद मात्र १ ते ६० अशी सरळ असते. तिसऱ्या भागात ४:२० उरलेली असताना गोल झाला तर ४५ मधून ४:२० वजा करा, ४०:४० येतात, म्हणजे गोल ४१ व्या मिनिटाला. वहीत फलकावरचा आकडा आणि भाग दोन्ही जसेच्या तसे लिहा, वजाबाकी घरी. फुटबॉलमध्ये वाढीव वेळेतला गोल ४७ न लिहिता ४५+२ लिहा, नाहीतर तो दुसऱ्या अर्ध्यातला वाटतो.

खरं लिहिणं त्याच रात्री, झोपायच्या आधी. स्कोअर नको, तो कुठंही मिळतो. जागा कुठली, वारा कुठून, चेंडूचा आवाज कसा येत होता, शेजारचे काय ओरडत होते, कोणत्या क्षणी सगळे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बातमी वाचली की आपलं पाहिलेलं आणि वाचलेलं मिसळतं, आणि मग वेगळं करता येत नाही.

कागदी तिकीट मिळालं तर त्याच आठवड्यात ३०० डीपीआयवर स्कॅन करा. उष्णतेनं छपाई होणारा गुळगुळीत कागद असेल तर लॅमिनेशन करायचंच नाही, गरम रोलरमधून जाताच तो काळा पडतो. पीव्हीसीच्या पिशवीतही अक्षरं उडतात. साध्या कागदी पाकिटात घालून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट ही सर्वांत वाईट जागा. वर्तमानपत्राची कात्रणं पिवळी पडणारच, ती सेलोटेपनं चिकटवली तर डागही पडतात. फाइलला नाव तारखेनं सुरू होणारं द्या, म्हणजे ‘२०१८-०६-०४ भारत-केनिया अंधेरी’ असं. आपोआप क्रमानं लागतात.

मिडफिल्डचा_लातूरकर:
ताईंनी दिलेलं उदाहरण लेकरांना जरूर सांगा. भारताचा कर्णधार सुनील छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. त्याच्या दोन दिवस आधी त्यानं व्हिडिओतून मैदानात येण्याची विनंती केली होती, कारण चायनीज तैपेईविरुद्ध भारत ५-० जिंकला तेव्हा अंधेरीत अडीच हजारांच्या आसपासच लोक होते. केनियाविरुद्ध पावसात मैदान भरलं आणि भारत ३-० जिंकला. ‘आपण गेल्यानं काय फरक पडतो’ म्हणणाऱ्याला एवढं उत्तर पुरे.

डी_च्या_काठावर:
काकांच्या आठवणीबद्दल एक जपून करण्यासारखी गोष्ट आहे. १९८२ मध्ये भारतात दोन मोठ्या हॉकी स्पर्धा झाल्या. मुंबईतला विश्वचषक डिसेंबर १९८१ च्या शेवटी सुरू होऊन १२ जानेवारी १९८२ ला संपला. अंतिम सामन्यात पाकिस्ताननं पश्चिम जर्मनीला ३-१ हरवलं, भारत पाचवा. दुसरी दिल्लीची आशियाई स्पर्धा. तिथं १ डिसेंबरला अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून भारताचा ७-१ पराभव. चाळीसेक वर्षांनी लोकांच्या मनात या दोन्ही एक होतात, कारण वर्ष एक आणि विजेताही एक. त्यात रंगीत दूरदर्शन त्याच वर्षी आलं, त्यामुळं दिल्लीचा सामना पडद्यावर पाहिलेला असूनही ‘पाहिला’ असंच सांगितलं जातं. यात खोटेपणा काही नसतो, आठवण अशीच चालते.

म्हणून सुरुवात स्कोअरनं करू नका. ‘कोणाबरोबर गेला होता, कोणत्या गाडीनं, कुठं उतरला, बसायला पायरी होती की खुर्ची, तिकीट कोणी काढलं’ असे प्रश्न आधी. मुंबई की दिल्ली ते त्यातून आपोआप कळतं. मग कागद-पेन्सिल देऊन त्यांना मैदान काढायला लावा, स्वतःची जागा फुलीनं दाखवायला सांगा, आणि एकच गोल, जो सगळ्यात स्पष्ट आठवतो तो, बाणांनी. बोलताना मध्ये दुरुस्ती करायची नाही, इंटरनेटवरचा निकाल दाखवायचा नाही. मोठ्या माणसाला टोकलं की ते गप्प बसतात. निकाल नंतर वेगळ्या रंगाच्या शाईनं बाजूला लिहा, त्यांचं वाक्य खोडू नका.

कात्रणवाली_ताई (नांदेड):
त्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही घ्या, सुरुवातीला तारीख, गाव आणि त्यांचं नाव त्यांच्याच तोंडून. एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त नको. पंखा बंद करून, फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर, खाली रुमाल घालून ठेवला की टेबलाचा ठोका येत नाही. आणि त्यांना जमत असेल तर नांदेडच्या सामन्याला बरोबर आणा. समोर खेळ चालू असताना निघतं ते घरी बसून विचारून निघत नाही. पाठ टेकता येईल अशी खुर्ची मिळेल का, हे आदल्या दिवशी मैदानावर विचारून ठेवा.

पूर्णाकाठ:
काकांना विचारलं, तयार आहेत. नांदेडच्या स्पर्धेच्या तारखा लागल्या की इथंच टाकतो. वह्या या आठवड्यात शिवायला घेतो, पानागणिक मैदान आखून.