सोलर पॅनेलवरची धूळ आणि लोएस: कोल्हापुरात तसली जमीन का नाही?

उचगावकर:
परवा अवकाळीचे चार थेंब पडले आणि गच्चीवरच्या सोलर पॅनेलवर पिवळसर ठिपक्यांची रांगोळी झाली. पुसायला गेलो तर बोटाला पावडरीसारखं लागलं. पोरगी अकरावीला आहे. म्हणाली, "पप्पा, चीनमध्ये वाळवंटातली अशीच धूळ साठून पठार झालंय, लोएस म्हणतात." आणि वर तिनंच विचारलं, मग कोल्हापुरात का नाही? मला उत्तर देता आलं नाही. शिवाय वाऱ्यानं आणलेली धूळ वाऱ्यानंच परत उडून कशी जात नाही?

शिरोलीचा वाळूवाला:
दादा, मी भूगोलवाला न्हवे, फौंड्रीवाला. तीस वर्षं वाळू चाळतोय, त्या जोरावर सांगतो.

आमच्या शेडमध्ये ओतकामाचा वाळूचा साचा फोडला की जाड वाळू जागेवरच पडते. मधली धूळ पंधरा-वीस फुटांवरच्या मोटरीवर बसते. अगदी बारीक ती डस्ट कलेक्टरच्या पिशव्यांत, नाहीतर आमच्या छातीत. वाळवंटात वारा हीच चाळण मारतो. वाळू जमिनीलगत उड्या मारत जाते, तिच्या तिथंच टेकड्या होतात. मधला माल म्हणजे पोयटा, साधारण 0.02 ते 0.06 मिलिमीटरचा, काहीशे किलोमीटरवर जाऊन बसतो. तो लोएस. त्याहून बारीक माल हजारो किलोमीटर जातो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानाकडून आलेल्या धुळीनं मुंबई-पुण्याच्या गाड्या पांढऱ्या केलेल्या, आठवतंय?

वाळूवर वाळू घासून हा पोयटा होतो असं मलाही वाटायचं. थोडा होतही असेल. पण चीनचा बराचसा माल तिबेट आणि गोबीभोवतीच्या डोंगरांतला. हिमनद्यांनी खडक दळला, बर्फानं फोडला, नद्यांनी पायथ्याला आणून पसरला. वाळवंट नुसतं गोदाम, हिवाळी वारा ट्रकवाला.

उडून का जात नाही? वाळवंट संपलं की गवताळ पट्टा लागतो. गवतात वारा मंदावतो, धूळ बुडख्याशी बसते, गवत वर सरकतं, पुढची धूळ येते. पावसानं विरघळलेला चुना कणांना धरून ठेवतो. असं 26 लाख वर्षं चाललंय. जाडी 150 मीटर धरली तर शंभर वर्षांत सहा मिलिमीटरसुद्धा पुरे होत नाहीत. एक भाकरी म्हणा. लांचौजवळ थर 300 मीटरच्या वर आहे.

मशीन बघायला चीनमध्ये शियानकडं गेलो तेव्हा रस्त्याकडेला हे बघितलं. तीन मजली उभी कडा, आधार काही नाही, आणि नखानं खरवडली तर पीठ! पिवळ्या थरांमध्ये तांबूस पट्टे. पिवळं थंड-कोरड्या काळातलं, तांबूस म्हणजे ऊबदार काळात पाऊस वाढून माती मुरली तेव्हाचं. लोक त्यात खोल्या कोरून राहतात. पण आमचा साचा थोड्या पाण्यानं उभा राहतो, लोएस पाण्यानं खचतो. भूकंपात तर विचारूच नका. तिथल्या 1556 च्या भूकंपात सुमारे 8 लाख 30 हजार माणसं गेली असं सांगतात, त्यातली कितीतरी असल्या घरांत.

शिरोळचा ऊसवाला:
कोल्हापूरचं राहिलं की. वाळवंटं आपल्यापासून लांब, मधला माल वाटेतच पडतो, अरबस्तानचा तर समुद्रात. इथं पोचते ती चिमूटभर. त्यात आपला पाऊस, कुठं थर टिकणार? पंचगंगेत वाहून जाते, नाहीतर काळ्या मातीच्या भेगांत मिसळते. आमची काळी माती मुळात इथल्याच काळ्या खडकाची, वरनं पुराचा गाळ. 2019 ला माझ्या सोप्यात गुडघाभर गाळ होता, त्याला वारा लागला नाही! भारतात लोएस बघायचा तर काश्मीरच्या करेव्यांवर, म्हणजे तिथल्या उंच सपाट माळांवर. पाम्पोरचं केशर तिथलंच.

शिरोलीचा वाळूवाला:
उचगावकर, पॅनेलवरची धूळ ग्लासभर पाण्यात ढवळून ठेवा. वाळू लगेच खाली बसते, पोयटा काही मिनिटांत, चिकणमाती रात्रभर तरंगते.

उचगावकर:
केलं. सकाळीसुद्धा पाणी पिवळट गढूळ. पोरीनं फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. पण वर काळी कुसळंही तरंगतायत. ती कुठली?

शिरोळचा ऊसवाला:
ती वाळवंटातली न्हवेत. गाळप हंगाम चालू आहे, साखर कारखान्याच्या चिमणीतनं येणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची राख. आमच्या दोरीवरच्या धोतराला विचारा.