मदत हवी आहे: निळ्या गिटारवर लॅकर मारलं की हिरवट झाक येते

इलेक्ट्रिक गिटारची बॉडी रंगवायची आहे. मागे महोगनी, वर फ्लेम मेपलचा (लहरदार पट्टे असलेल्या मेपल लाकडाचा) पातळ थर. मेपलचे पट्टे दिसतील असा झगझगीत निळा हवाय, त्यामुळे कृपया ऑटोपेंट (गाड्यांचा रंग) सुचवू नका, त्यात लाकूडच झाकलं जातं.

बॉडीला अजून हात लावलेला नाही. सगळं त्याच मेपलच्या उरलेल्या तुकड्यांवर चाललंय. २२० नंबरच्या सँडपेपरपर्यंत घासून, ओल्या फडक्याने लाकडाचे रेशे उठवून पुन्हा हलकं घासलं. आधी स्पिरिटमधला काळा डाय (लाकडात मुरणारा पारदर्शक रंग). तो घासला की फक्त पट्ट्यांत उरतो. मग त्यावर निळा. इथपर्यंत रंग एकदम झकास! पण सँडिंग सीलर (लॅकरखालचा अस्तराचा हात) आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं की निळा मोरपंखीकडे झुकतो. एनसीचा पिवळेपणा नडतोय हे कळतंय. शिवाय पहिला हात जरा ओला पडला की रंग मास्किंग टेपखाली पसरतो. स्प्रेने पातळ हात दिल्यावर पसरणं कमी झालं, झाक तशीच. निळ्यात थेंबभर जांभळा घालून पाहिला: उन्हात बरा, ट्यूबलाइटखाली मळकट.

छोटा कॉम्प्रेसर आणि गन आहे. दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) नको, कारण हार्डनर फवारण्याइतकी हवा खेळती ठेवायची सोय नाही.

म्हणून पाण्यातला डाय आणि वर पाण्याचंच पारदर्शक लॅकर असा विचार आहे. पण त्यात डाय पुन्हा विरघळणार. मध्ये मेणविरहित ब्लाँड शेलॅकचा (लाखेच्या फिकट पॉलिशचा) एक पातळ हात पुरेल का, की तोही निळ्याला हिरवट करेल?