स्पॅनिश राजवटीतील फिलिपिन्सच्या गावांचा इतिहास: हे आयुष्यभराचे काम होऊ शकते का?

प्रश्न (इतिहासाचा विद्यार्थी, हिंगणघाट तालुका)

नमस्कार. मी इतिहासात एम.ए. करीत आहे. जात पडताळणीसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पणजोबांची नोंद शोधत असताना कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) जीर्ण पाने माझ्यासमोर आली, आणि आमच्या घराण्याविषयी जे काही लेखी उरले आहे ते आमच्यापैकी कोणीच लिहिलेले नाही, हे मला प्रथमच जाणवले. त्यानंतर फिलिपिन्सविषयी वाचले. तेथे १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनची सत्ता होती आणि बहुतेक कागद मिशनरी व अधिकारी यांच्या हातचे आहेत. अशा कागदांतून गावकऱ्यांचा इतिहास खरोखर लिहिता येतो का? आणि खेड्यातल्या विद्यार्थ्याने हा विषय आयुष्यभरासाठी निवडावा का?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, भंडारा)

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी एका माणसाच्या आयुष्यातून देतो. फिलिपिन्सचे इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांचा जन्म १९२१ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे झाला. १९५० च्या दशकात ते फिलिपिन्समधील लुझोन बेटाच्या उत्तरेकडील डोंगरातील सगाडा या गावी शिक्षक म्हणून गेले, आणि १९९३ मध्ये मृत्यू आल्यावर त्याच गावात त्यांचे दफन झाले. तेथील ज्या डोंगरी इगोरोत लोकांना स्पॅनिश सत्ता तीन शतकांत पुरती नमवू शकली नाही, त्यांच्याच शेजारी राहून त्यांनी त्या सत्तेचे कागद वाचले. १९७२ मध्ये मार्शल लॉ लागू झाल्यावर त्यांना अटक झाली आणि पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. १९६८ च्या प्रबंधात त्यांनी सिद्ध केले की, १४३३ सालची म्हणून शाळांतून शिकवली जाणारी ‘कलांतियाव संहिता’ ही स्पॅनिशपूर्व काळातील म्हणवली जाणारी कायद्यांची संहिता होसे मार्को याने पुढे आणलेल्या बनावट कागदांखेरीज कशावरच उभी नाही. ज्या देशावर त्यांनी जीव लावला, त्याच देशाच्या अभिमानाचा विषय पुराव्याअभावी खोडून काढणे सोपे नव्हते, म्हणून मला ते काम फार मोठे वाटते.

स्पॅनिश कागदपत्रांना ते चर्मपत्राचा पडदा म्हणत आणि त्याच्या फटींतून सामान्य माणूस दिसतो, असे सांगत. एक उदाहरण देतो. लुझोन बेटावरील तागालोग समाजातील ‘आलिपिन’ या वर्गाला स्पॅनिशांनी सरसकट ‘गुलाम’ असे लिहिले. परंतु त्यांच्यात स्वतःचे घर असणारा ‘नामामाहाय’ आणि मालकाच्या घरी राहणारा ‘सागिगिलिद’ असा भेद होता, आणि कितीतरी जण कर्जापायी त्या स्थितीत आलेले असत. आपल्याकडचा सालदार डोळ्यांपुढे आणा. अक्षय तृतीयेला ठरलेले त्याचे साल, घेतलेली उचल आणि मालकाशी असलेले अवघड नाते यांपैकी काहीही ठाऊक नसलेल्या परक्या अधिकाऱ्याने त्याच्यासाठी एकच शब्द लिहिला असता, तर पुढच्या पिढ्यांनी त्यावरून काय समजून घेतले असते?

उत्तर २ (अभिलेखागारात काम केलेली संशोधक, अमरावती)

सरांनी दिशा दाखवली आहे, मी कामाचे स्वरूप सांगते. मुख्य साठे दोन आहेत: स्पेनमधील सेव्हिल येथे १७८५ मध्ये स्थापन झालेले इंडीजचे (म्हणजे स्पेनच्या समुद्रापारच्या वसाहतींचे) अभिलेखागार आणि मनिला येथील राष्ट्रीय अभिलेखागार. सेव्हिलमधील पुष्कळ कागद स्पेन सरकारच्या ‘पारेस’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, त्यामुळे सुरुवात हिंगणघाटातून होऊ शकते. स्पॅनिश भाषा मात्र अनिवार्य आहे, आणि आपण मोडी जशी स्वतंत्र शिकतो तशी जुन्या हस्ताक्षरांची व संक्षेपांची वेगळी तयारी करावी लागते. हैदराबाद येथील इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश शिकता येते. त्यानंतर ज्या बेटाचा अभ्यास करायचा तेथील भाषा शिकावी लागते.

गावाचा इतिहास बहुधा करवसुलीच्या याद्या आणि चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या यांतून उभा राहतो. त्यात एक मोठी अडचण आहे. १८४९ मध्ये गव्हर्नर-जनरल क्लावेरिया याच्या आदेशाने लोकांना छापील यादीतून आडनावे वाटली गेली, आणि आल्बाय प्रांतातील ओआस गावात तर बहुतेक आडनावे एकाच अक्षरावरून आली. त्यामुळे त्याआधीचे घराणे शोधताना नावावर विसंबता येत नाही. गाव, वस्ती आणि नातीगोती यांचा माग घ्यावा लागतो.

नोकरीविषयी मी खोटी आशा दाखवणार नाही. आपल्या महाविद्यालयांत या विषयासाठी स्वतंत्र पद निघण्याची शक्यता फार थोडी आहे. नेट किंवा सेट देऊन इतिहासाचे सर्वसाधारण अध्यापन करावे लागेल आणि संशोधन त्याच्या जोडीने चालवावे लागेल.

प्रश्नकर्ता

सर, ताई, मनापासून आभार. एकच शंका आहे: घरचा इतिहास सोडून इतक्या दूर जाणे योग्य ठरेल का?

उत्तर ३ (निवृत्त शिक्षक, भंडारा)

घरचा इतिहास सोडावा लागत नाही. फिलिपिन्समध्ये ‘काबेसा दे बारांगाय’ हा वस्तीचा प्रमुख कर गोळा करीत असे आणि तूट आल्यास ती त्याच्याच अंगावर पडे; शिवाय पुरुषांना वर्षाला ४० दिवसांची वेठ होती, जी १८८४ मध्ये १५ दिवसांवर आली. आपल्या मालगुजारी गावांचे वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी व हक्कांची नोंद) आणि निस्तारपत्रक (चराई, जळण अशा सामाईक हक्कांची नोंद) शेजारी ठेवून हे वाचा. सरकार आणि रयत यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाविषयी मग तुम्हाला असे प्रश्न सुचतील, जे सेव्हिलमध्ये बसलेल्या अभ्यासकाला सहसा सुचणार नाहीत. येत्या सुटीत आपल्याच गावाच्या कोतवाल बुकातील दहा वर्षांच्या नोंदी उतरवून काढा, आणि प्रत्येक नोंद कोणी, कोणाच्या सांगण्यावरून केली असेल, ते तिच्यापुढे लिहीत जा. ती वही मला पाठवा, मी अवश्य वाचेन.