मदत हवी आहे: स्प्रिंगवाल्या एअर रायफलला ३-९ स्कोप घेऊ का ४-१६, आणि माउंट कोणता बसेल?

नमस्कार मंडळी,

मी यावल तालुक्यातला, केळी आणि थोडा कापूस. माझ्याकडे ४.५ एमएमची ब्रेक बॅरल एअर रायफल आहे, नळी मोडून छर्रा भरायची, स्प्रिंगवाली, २० ज्यूलच्या आतली म्हणजे लायसन्स लागत नाही त्यातली. आधीच सांगून टाकतो, पक्षी, माकडं, डुक्कर असल्या कशावरही चालवायची नाहीये, १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच आणि मलाही ते पटत नाही. पॅकिंग शेडच्या मागे वाळूच्या गोण्या रचून त्याच्यापुढे कागद लावतो, तिथं १० पासून ३० मीटरपर्यंत जागा मिळते, एवढंच काम.

अडचण अशी की मला चाळिशी लागली. मागची खाच, पुढची माशी आणि कागद, तिन्ही एकावेळी स्पष्ट दिसतच नाहीत, चष्मा घातला तर माशी दिसते पण कागद पुसट होतो, काढला तर उलटं. म्हणून स्कोप हवाच. बंदुकीसोबत एक ४x३२ चा साधा स्कोप (चारपट मोठं दाखवणारी दुर्बीण, पुढचं भिंग ३२ एमएमचं) आला होता, त्याच्या दोन सुट्या रिंगा, छोट्याशा, प्रत्येकीला खाली एकेक स्क्रू. निशाणा लागतो, लागतो आणि मग हळूहळू भटकायला लागतो. मी रेलवर, म्हणजे बंदुकीवरच्या स्कोप बसवायच्या पट्टीवर, रिंगच्या मागच्या कडेला चिकटून पांढऱ्या नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवली, तर छर्ऱ्यांची डबी संपायच्या आत रिंग त्या रेघेवर चढून बसलेली असते, म्हणजे मागे सरकते. पुन्हा आवळलं तरी तेच, आणि आवळून आवळून रेलवर चरे पडायला लागलेत त्याचं जास्त वाईट वाटतं, कारण बंदूक चांगली आहे.

आता नवीन घ्यायचं ठरवलंय. दोन पर्याय समोर आहेत. एक ३-९x४० एओ (पुढच्या भिंगाच्या कडीने अंतर लावायचा), एक इंची नळीचा. दुसरा ४-१६x४४ साइड फोकस (बाजूच्या नॉबने अंतर लावायचा), ३० एमएम नळीचा, वजन सहाशे ग्रॅमच्या वर. दुकानदार म्हणतो पावर जितकी जास्त तितकं चांगलं, ४-१६ च घ्या. माउंटचं, म्हणजे स्कोप रेलवर धरून ठेवणाऱ्या बैठकीचं, विचारलं की म्हणतो कोणताही टाका, सगळे सारखेच. मला हे पटत नाही, माझा सगळा त्रासच माउंटपासून सुरू झालेला आहे.

तर विचारायचं असं, की माझ्या अंतराला किती पावर पुरते? स्प्रिंगवालीला ‘एअरगन रेटेड’ स्कोपच घ्या म्हणतात त्यात खरं किती आणि विकायची युक्ती किती? एकसंध माउंट का दोन सुट्या रिंगा? आणि एक मित्र आहे त्याचं जळगाव एमआयडीसीत लेथ, मिलिंगचं काम आहे, तो म्हणतो ॲल्युमिनियमचा माउंट मी बनवून देतो, ते करू का? रेल ११ एमएमची आहे, नळीजवळ नाही, मागे सिलिंडरवर, आणि रेलच्या मागच्या टोकाला वर एक गोल खड्डा आहे, तो कशासाठी ते पण सांगा.

— केळीचा_घड

सातपुडा_पायथा:

दादा, तो गोल खड्डाच तुमचं उत्तर आहे. त्यात माउंटची स्टॉप पिन बसते.

स्प्रिंगची बंदूक दोनदा झटका देते हे आधी लक्षात घ्या. घोडा दाबला की आतला पिस्टन पुढे सुटतो म्हणून बंदूक मागे येते, आणि पिस्टन पुढच्या टोकाला जाऊन थांबला की बंदूक एकदम पुढे खेचली जाते. हा दुसरा झटका वाईट. बंदूक पुढे जाते, स्कोप आपल्या वजनाने जागीच राहू बघतो, म्हणून रेलच्या हिशोबाने तो मागे सरकतो, तुमच्या नेलपॉलिशच्या रेघेवर चढतो. नुसत्या आवळण्याने हे थांबत नाही, मऊ ॲल्युमिनियमचे दात रेल खात बसतात. पिन असलेला एकसंध माउंट घ्या, पिन खड्ड्यात उतरवा, मग माउंट हाताने मागे ढकलून पिन खड्ड्याच्या मागच्या भिंतीला टेकवा आणि तेव्हाच आवळा. पिन मधोमध ठेवून आवळली तर तेवढ्या फटीपुरता तो सरकणारच.

एअरगन रेटेडचं म्हणाल तर ते याच कारणाने खरं आहे. मोठ्या, दारूच्या बंदुकीसाठी बनवलेल्या बऱ्याच स्कोपमध्ये आतल्या भिंगांना मागच्या झटक्याचा आधार दिलेला असतो, पुढच्या ओढीचा दिलेला असतोच असं नाही, म्हणून महागडा स्कोपसुद्धा स्प्रिंगवर फुटतो, क्रॉस (आतली निशाण्याची फुली) फिरतो नाहीतर तुटतो. कंपनी लेखी ‘स्प्रिंगर’ म्हणत असेल तरच घ्या. आणि वजन, दादा, वजन! सहाशे ग्रॅमचा स्कोप म्हणजे तितकी जास्त ओढ त्या एका पिनेवर. ३-९ साधारण चारशेच्या आसपास येतो.

दहा_मीटर:

मी कॉलेजात असताना १० मीटर एअर रायफल करायचे, त्या मॅचला स्कोप चालतच नाही, मागे बारीक भोकाची पीप साइट असते आणि तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरचा दहाचा ठिपका मारायचा असतो. हे यासाठी सांगते की चाळिशीवाल्याला पीपचाही फायदा होतो, बारीक भोकातून माशी आणि कागद दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. पण ३० मीटरपर्यंत जायचं तर स्कोपच बरा, आणि तुम्ही ठरवलंय ते योग्यच आहे.

पावरपेक्षा पॅरॅलॅक्स बघा, म्हणजे डोळा हलला की क्रॉस कागदावर सरकल्यासारखा दिसतो ते. साधे ३-९ बहुतेक १०० यार्डाच्या अंतराला फिक्स केलेले असतात. तसला घेतला आणि डोळा मधोमध न राहता भिंगाच्या काठाकडे गेला, तर २५ मीटरवर क्रॉस दीड सेंटीमीटरपर्यंत खोटं दाखवू शकतो, तुम्ही काहीही चूक न करता. शिवाय १० मीटरचा कागद ९ पावरला पुसटच दिसणार. एओ म्हणजे पुढच्या भिंगाची कडी फिरवून अंतर लावता येतं, पण खोक्यावर सर्वात जवळचं अंतर काय लिहिलंय ते वाचा, १० यार्ड असेल तर तुमचं काम झालं. हॉक कंपनीच्या व्हँटेज मालिकेत ३-९x४० एओ येतो, तो १० यार्डापासून लागतो. साइड फोकसवाले काही २० च्याही पुढे सुरू होतात, ते तुमच्या जागेला निरुपयोगी.

अजून एक. तिकडे एप्रिल, मे मध्ये काळ्या जमिनीवरून दुपारी हवा कशी थरथरते ते तुम्हाला मी सांगायला नको. १६ पावरला कागदासोबत ती थरथरही मोठी होऊन दिसते, आणि हाताची धडधडही. ६, ७ पावरला तोच कागद शांत दिसतो. उन्हाळ्यात सकाळीच उरकत असाल तरी ३० मीटरला ९ च्या वर गरज पडत नाही.

धुळ्याचा_भाऊ:

भाऊ, मनं आयक, पहिले माउंट ले, मंग दुर्बीण. बाकी सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत लिहितो.

ब्रेक बॅरलला अजून एक रोग असतो, नळी किंचित खाली वाकलेली असते, म्हणजे नळी वाकडी नाही पण बंद झाल्यावर ती रेलशी समांतर न राहता थोडी खाली बघते. जर्मन डायना बंदुकांचा हा प्रकार तर प्रसिद्ध आहे. मग छर्रे खाली लागतात, आपण निशाणा वर घ्यायला स्कोपचा वरचा नॉब फिरवत फिरवत शेवटाला नेतो, आणि शेवटाला गेलं की आतली स्प्रिंग सैल पडते, क्रॉस जागेवर राहत नाही. म्हणजे माउंट न सरकताही निशाणा भटकतो. तुमच्याकडे दोन्ही चालू आहे की काय ते तपासा. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवा, निम्म्यावर आणून ठेवा, मग १० मीटरवर मारून बघा. स्कोप नळीच्या वर साडेचार, पाच सेमी असतो, तेव्हा तेवढं आणि वर थोडं खाली लागणं ठीक आहे. त्याच्या दुप्पट खाली लागत असेल तर मागची बाजू उचललेला ड्रूप माउंट घ्या.

मित्राच्या लेथबद्दल. करू नका असं नाही म्हणत, पण हिशोब ऐका. दोन रिंगांमध्ये १० सेमी अंतर धरलं तर मागची बाजू एक दशांश मिलिमीटर उचलली की २५ मीटरवर निशाणा अडीच सेमी वर जातो. म्हणजे चूकही त्याच मापात होणार. दोन्ही रिंगांची भोकं एका रेषेत नसली तर आवळताना स्कोपची नळीच वाकते, आणि ते बाहेरून दिसत नाही. मित्र मिलिंगवर एकाच सेटिंगमध्ये दोन्ही भोकं बोअर करून मग कापत असेल तर विचार करा. आणि ११ एमएम रेल म्हणतात ती प्रत्यक्षात साडेनऊपासून चौदापर्यंत कितीही निघते, उताराचा कोनही वेगळा असतो, तेव्हा व्हर्नियर लावून माप घेतल्याशिवाय माउंट विकतही घेऊ नका आणि बनवूही नका. पिकॅटिनी नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या रेलचा माउंट चुकून मागवू नका, ती रेल साधारण दुप्पट रुंद असते.

केळीचा_घड:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी दुकानात सांगितलं नसतं. आजच संध्याकाळी मोजलं. रेल वर ११ च्या अगदी जवळ, खड्ड्यात पिन जाईल एवढी खोली आहे. भाऊ म्हणतात तसं नॉब मध्यावर आणून १० मीटरवर मारलं तर सात सेमीच्या आसपास खाली लागतंय, म्हणजे थोडं जास्त पण दुप्पट नाही.

मग ३-९x४० एओ आणि एकसंध पिनवाला माउंट, असं धरतो. उंची कोणती घेऊ, लो, मीडियम का हाय? आणि माझा चष्मा वर दूरचा, खाली जवळचा असा आहे, त्याचं काय करायचं? स्कोपमधून बघताना नेमका कोणता नंबर लागतो तेच कळत नाही.

सातपुडा_पायथा:

सात सेमी असेल तर ड्रूप माउंटची गरज नाही, नॉबमध्ये तेवढं सहज बसतं. कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी कापून मागच्या रिंगखाली घालायचे उपाय लोक सांगतील, पहिल्या दिवशी तसलं काही करू नका.

उंची मीडियम. ४० च्या पुढच्या भिंगाचं बाहेरचं तोंड एओच्या कडीसकट ५० पर्यंत जातं, त्याचा निम्मा २५, ते सिलिंडरला टेकता कामा नये, कागदाची घडी सरकली पाहिजे. हाय घेतला तर गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि डोळा मध्यावर राहत नाही. कंपन्या उंची वेगवेगळ्या ठिकाणाहून मोजतात, कोणी रिंगच्या तळापर्यंत, कोणी मध्यापर्यंत, विचारून घ्या. नळी मोडून छर्रा भरताना स्कोपचं पुढचं टोक बोटांना आडवं येत नाही ना, तेही बघा.

बसवताना रेलवरचं तेल पेट्रोलच्या फडक्याने पुसा, पेट्रोल वाळू द्या. रिंगचे स्क्रू आडवे तिडवे थोडे थोडे आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून, एल पाना आखूड बाजूने धरून दोन बोटांनी, बस्स. जोर लावायचा तो खाली रेलच्या स्क्रूंना, वरच्या रिंगांना नाही.

दहा_मीटर:

दादा, चष्म्याच्या वरच्या भागातून बघा, दूरच्या नंबरातून. स्कोपमध्ये क्रॉस आणि कागद दोन्ही तुमच्या डोळ्याला लांबच आहेत असे दिसतात, जवळचा नंबर तिथे लागतच नाही, म्हणूनच स्कोप चाळिशीला सोयीचा. फक्त मान फार खाली गेली तर चष्म्याचा खालचा भाग समोर येतो, म्हणून स्कोप पुढे मागे सरकवून आधी तुमच्या नेहमीच्या बैठकीला डोळा बसवा, साधारण तीन ते चार इंच मागे, आणि मगच रिंगा आवळा.

डोळ्याकडची कडी क्रॉससाठी असते आणि ती एकदाच लावायची. चष्मा घालून, सूर्य पाठीमागे ठेवून मोकळ्या आभाळाकडे स्कोप धरा, क्षणभर बघा, क्रॉस लगेच काळा आणि रेखीव दिसला पाहिजे. दोन सेकंदात हळूहळू स्पष्ट झाला तर तो तुमचा डोळा ओढून घेतोय, कडी थोडी फिरवून नजर काढा आणि परत बघा. चष्म्यात सिलिंडरचा (ॲस्टिग्मॅटिझमचा) नंबर असेल तर चष्मा काढून मारायचं मनातून काढून टाका, त्या कडीने तो नंबर भरून निघत नाही. कागदाचं अंतर पुढच्या एओच्या कडीने, दर वेळी जागा बदलली की.