मुंबई युनिव्हर्सिटीचे नामवंत माजी विद्यार्थी कोण कोण?

प्रश्न: मुंबई विद्यापीठातून शिकलेली मोठी माणसं सांगा ना, बाबासाहेब एल्फिन्स्टनमधून १९१२ ला बीए झाले ते माहितीये, अजून कोण?

उत्तर: न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर! विद्यापीठ १८५७ चं, १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत हे दोघं, सुरुवातच केवढी दमदार.

उत्तर: टिळकांना विसरू नका. शिकले पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, पण पुणे विद्यापीठ आलंच १९४९ ला, तोवर तिथली डिग्री मुंबईचीच.

उत्तर: आणि बायका कुठे गेल्या? जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी घ्या की, इथून १९३३ ला बीएस्सी, पण बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून अॅडमिशन नाकारली, त्या हटल्याच नाहीत, शेवटी घ्यावंच लागलं आणि पुढे १९३९ ला थेट केंब्रिजची पीएचडी.