मदत हवी आहे: सागरगोट्याच्या बिया कशा रुजवायच्या?

नमस्कार मंडळी. गुहागरकडे आमच्या आंब्याच्या कलमांना जिवंत कुंपण करायचंय. तार खाऱ्या वाऱ्याने गंजते आणि रानडुकरं तिला जुमानत नाहीत. सागरगोटा लावावा असं मनात आहे. खोडाला काटे, पानांच्या देठांना वाकडे काटे, शेंगासुद्धा काटेरी. शिवाय मूळचा किनाऱ्यावरचाच, बिया समुद्रात तरंगत लांब जातात. आयुर्वेदात हाच लताकरंज. बियांचा मगज तापावर, पोटदुखीवर देतात (घरी प्रयोग करायचा विचार नाही, काळजी नसावी).

अडचण बियांची. राखाडी, गुळगुळीत, मुली खेळायच्या त्याच, पण कवच दगडासारखं. कानशीने घासून भिजवू की गरम पाण्यात टाकू? पिशवीत रोपं करावीत की पावसाच्या तोंडावर जागेवरच टोकाव्यात? दोन वेलांत अंतर किती ठेवता? शेजारच्यांच्या काजूवर चढला तर भांडण ठरलेलं, म्हणून छाटणी कधी करता तेही सांगा.

बहीण म्हणते बोगनवेल लाव. दिसते झकास, फांदीनेही लागते, पण तिच्याने डुकरं थांबतील? चिल्हारीचं (तीही सागरगोट्यासारखी काटेरी वेल) कुंपण कोणी केलं असेल तर अनुभव जरूर लिहा.